सही करण्याआधी काटा बघा

पत्राचा गोषवारा (नाव, जिल्हा आणि सेवेचं नाव मुद्दाम गाळलं आहे): पत्रलेखिका ३६ वर्षांच्या, बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीधर. नऊ वर्षं रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काढली. तीन महिन्यांपूर्वी बढती मिळाली आणि जिल्ह्यातल्या २३ गाड्या, त्यांवरचे डॉक्टर आणि पायलट (गाडीचे चालक) त्यांच्या हाताखाली आले. रुजू होऊन दोन महिने होतात न होतात तोच एका गाडीत, घाटात, धाप लागलेल्या पेशंटचा ऑक्सिजन संपला. सिव्हिलला पोचेपर्यंत पेशंट गेला. नातेवाइकांनी तक्रार दिली. गाडीवरचा डॉक्टर, पायलट आणि ‘जबाबदार अधिकारी’ म्हणून या बाई, अशा तिघांना पोलिसांचं बोलावणं आलंय. घटनेच्या १९ दिवस आधी बाईंनी वरिष्ठांना व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, ‘सिलिंडर वेळेवर भरून येत नाहीत, चार गाड्या जेमतेम चालल्यात.’ उत्तरादाखल अंगठा आला. आता तेच वरिष्ठ म्हणतात, त्या दिवशीची गाडीतल्या सामानाची चेकलिस्ट कोरी आहे, भरून सही करून ठेवा. नवरा म्हणतो, दे राजीनामा, गावात दवाखाना टाकू. बाई लिहितात, ‘गाडीवर पेशंट माझ्या हातात असायचा, तेव्हा अशी भीती कधी वाटली नाही. आता पेशंटला हातही लावत नाही आणि गुन्हेगार मी. ही खुर्ची सोडू का?’

डॉक्टर,

खुर्चीचं नंतर बोलू. आधी ती चेकलिस्ट. भरू नका. कुणी समोर बसून पेन हातात दिलं तरी नाही. कोरा कागद फार तर हलगर्जीपणा दाखवतो. मागची तारीख टाकून भरलेला कागद म्हणजे खोटा पुरावा, आणि तो गुन्हा वेगळा लागतो. शिवाय पकडला जायला वेळ लागत नाही. गाडी कधी निघाली, कुठे थांबली हे जीपीएस सांगतो, कॉल कधी आला ते कंट्रोल रूमच्या रेकॉर्डिंगवर असतं, सिलिंडर कधी भरून आले ते पुरवठादाराच्या चलनावर असतं. या सगळ्यांच्या मधे तुमचा ‘ऑक्सिजन – फुल’ हा एक शब्द उघडानागडा उभा राहील, आणि खाली सही वरिष्ठांची नसेल, तुमची असेल.

त्याऐवजी आजची तारीख टाकून, तुम्हाला आठवतं तसं आणि आठवतं तेवढंच, एक टिपण लिहा. चेकलिस्ट कोरी होती हेही त्यात येऊ द्या. ते टिपण लगेच कुणाला देऊ नका, वकिलाला दाखवा.

मी वकील नाही. सरकारी दवाखान्यांत पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच अपघात विभागात, आणि साक्षीसाठी कोर्टात इतक्यांदा गेलो की तिथला शिपाई मला चहा विचारायचा. म्हणून सांगतो, बोलावण्याच्या कागदावर सगळ्यात वर कलम कुठलं आहे ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. त्यात महिलेला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज कुठेही हजर व्हायला भाग पाडता येत नाही. स्वतःहून ठाण्यात जायचं तर जा, पण सक्ती नाही. तिथे दिलेल्या जबाबावर तुमची सही घ्यायची नसते, हेही लक्षात ठेवा. कलम ३५(३) असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यात तुमच्यावर संशय आहे, हजर राहावंच लागतं, पण सांगितल्याप्रमाणे हजर राहिलात तर सहसा अटक करायची नाही असंही त्याच कलमात आहे. दोन्ही वेळा वकील सोबत हवा. सेवा चालवणाऱ्या कंपनीचा वकील कंपनीला वाचवायला असतो. तो चांगला असेलही, पण तुमचा वकील वेगळा करा.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, ‘पेशंटला हात लावत नाही आणि गुन्हेगार मी.’ यात आणि तुमच्या नवऱ्याच्या सल्ल्यात मिळून दोन समजुती आहेत, आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिली अशी, की वरच्या खुर्चीवर बसलं की खालच्या प्रत्येकाच्या चुकीसाठी तुरुंगात जायची पाळी येते. फौजदारी कायद्यात तसं नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असल्याखेरीज एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला शिक्षा होत नाही. नुकसानभरपाईचं निराळं, ती मालकाकडून, संस्थेकडून मागता येते. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू खटला आपण डॉक्टर मंडळी उठताबसता सांगतो, ‘निष्काळजीपणा घोर असल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी नाही.’ पण तो खटला मुळात कशावरून उभा राहिला ते किती जणांना माहीत असतं? रिकाम्या ऑक्सिजन सिलिंडरवरून. पेशंटला श्वास घेता येत नव्हता, आणलेला सिलिंडर रिकामा निघाला, दुसरा येईपर्यंत उशीर झाला. न्यायालयाने डॉक्टरवरचा खटला रद्द केला. सिलिंडर नव्हता किंवा रिकामा निघाला, याबद्दल कदाचित रुग्णालय दिवाणी कायद्याखाली जबाबदार असेल, नसेलही, पण डॉक्टरवर गुन्हा चालणार नाही, असं म्हटलं. पोलिसांनी आधी स्वतंत्र आणि जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं, उठसूट अटक करू नये, हेही त्याच निकालात आहे.

हे वाचून तुमच्या गाडीवरच्या तरुण डॉक्टरचा जीव भांड्यात पडेल. तुमचा लगेच पडू नये. कारण त्या निकालातलं जे ‘रुग्णालय’ आहे, ज्याचं काम सिलिंडर भरलेला ठेवणं, ते तुमच्या जिल्ह्यात कोण? कागदोपत्री कंपनी. पण गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तुम्ही. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा तुम्हाला नाही, पण स्वतःच्या कामातली कसूर ही तुमचीच, आणि बढतीनंतर तुमचं काम बदललंय. पूर्वी जोखीम हातात होती. आता ती पेनात आहे.

म्हणूनच तो व्हॉट्सॲप निरोप. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख तीनदा आलाय, जणू ती तुमची ढालच आहे. ढाल आहेच. तुम्हाला दिसलं, तुम्ही कळवलं, वरून फक्त अंगठा आला. पण उलटतपासणी घेणारा वकील तोच निरोप उचलून विचारेल, ‘म्हणजे १९ दिवस आधी तुम्हाला माहीत होतं. मग त्या चार गाड्या रस्त्यावर का होत्या?’ या प्रश्नाला तुमच्याकडे काय उत्तर आहे, ते मला पत्रातून कळलं नाही. गाडी ऑफ-रोड करायचा, म्हणजे सेवेतून बाजूला काढायचा, अधिकार तुम्हाला होता का? असेल तर वापरला का नाही? नसेल तर तसं कुठे लिहिलंय? तुमची सगळी केस या तीन प्रश्नांभोवती फिरणार आहे, असं माझं मत. उत्तरं शोधा, आणि खरी शोधा.

फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर आजच बंद करा. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देईल.

कलमांचं निघालंच आहे तर एक गोष्ट अशी, जी बीएएमएस मंडळींना कुणी सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. डॉक्टरांना सवलत मिळाली म्हणून तेव्हा बराच आनंद झाला होता. पण खालचं स्पष्टीकरण वाचा. ‘नोंदणीकृत डॉक्टर’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ प्रमाणे मान्य पदवी आणि त्याच कायद्याखालच्या नोंदवहीत नाव. आयुर्वेदाची नोंदणी त्या वहीत होत नाही. म्हणजे सरळ वाचलं तर रात्री दोन वाजता घाटात ट्यूब टाकणारा बीएएमएस डॉक्टर दोन वर्षांच्या रांगेत नाही, पाचच्या रांगेत आहे. शिवाय ती सवलत उपचार करतानाची. सिलिंडरची ऑर्डर देणं हा उपचार नव्हे, तेव्हा तुमच्या या समन्वयकाच्या खुर्चीला तिचा तसाही उपयोग नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, एवढा तरी दिलासा आहे.

हे घाबरवायला नाही सांगत. महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत १०८ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी, आणि बाकी बऱ्याच राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो तिथे आपल्याकडे डॉक्टर बसवला. तो बहुतेक ठिकाणी तुमच्यासारखा बीएएमएस. गावोगावच्या लोकांनी त्याला ‘एकशेआठचे डॉक्टर’ म्हणून डोक्यावर घेतलं. पण त्याने कुठलं औषध कुणाच्या सांगण्यावरून द्यायचं, याचा कागद पक्का नसेल तर तो उघड्यावर असतो. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली, तेव्हा न्यायालयाने तो जात्याच निष्काळजीपणा मानला. आयुर्वेदवाल्यांसाठी महाराष्ट्रातले नियम वेगळे आहेत, दोन्ही गोष्टी एक नव्हेत. तरी सेवेचा लेखी प्रोटोकॉल, त्यावर तज्ज्ञ डॉक्टरची सही, आणि कंट्रोल रूममधल्या डॉक्टरने फोनवर दिलेल्या सूचनेची केस शीटवर वेळेसकट नोंद, या तीन गोष्टी तुमच्या २३ गाड्यांत आहेत का ते बघणं हे आता तुमचं काम आहे. टायर आणि डिझेल नंतर.

दुसरी समजूत तुमच्या नवऱ्याची. दवाखाना टाकला की सुटलो. पहिली गोष्ट, घडलेल्या घटनेचा तपास राजीनाम्याने थांबत नाही. उलट तुम्ही बाहेर पडलात की आतली कागदपत्रं तुमच्या हाताबाहेर जातात, आणि जो हजर नाही त्याच्या नावावर बिल फाडणं सगळ्यांनाच सोपं. दुसरी, दवाखान्यात पेशंट पैसे देतो. १९९५ च्या शांता खटल्यापासून पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ती त्यातून बाहेर राहते. म्हणजे ग्राहक आयोगाची भीती गाडीवर नव्हती, ती दवाखान्यात असेल, आणि तिथे मधे कंपनीही नसेल. दवाखाना जरूर टाका, पण आवडतो म्हणून टाका. लपायला जागा म्हणून ती फार तोकडी आहे.

मग खुर्ची? माझा कौल सांगतो, पटला नाही तर सोडून द्या. तपास चालू आहे तोवर राजीनामा नको. या काळात वरिष्ठांना लेखी विचारा, ई-मेलने, व्हॉट्सॲपवर नाही: सुरक्षित नसलेली गाडी मी कुणाला न विचारता ऑफ-रोड करू शकते का? तातडीची खरेदी किती रकमेपर्यंत करू शकते? कामामुळे खटला झाला तर वकिलाचा खर्च कोण देणार? माझ्या कामाचं लेखी वर्णन कुठे आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर राहा. बाकीच्यांवर घासाघीस करता येते. पहिल्यालाच ‘नाही’ आलं, किंवा पुन्हा अंगठाच आला, तर ती खुर्ची नाही, तो बळीचा पाट आहे. तेव्हा उठा आणि परत गाडीवर जायचा अर्ज करा. दवाखान्यात नाही, गाडीवर. नऊ वर्षं तुम्ही तिथे भीतीशिवाय काढलीत असं तुम्हीच लिहिलंय, आणि मला ते पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य वाटलं.

अशी बढती मिळालेले आणखी काही जण हे वाचत असतील. तुमची प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर उपयोगी पडणारा विमा, आज बाहेर काढा. बहुतेक पॉलिसी डॉक्टरने केलेल्या उपचारापुरत्या असतात, देखरेखीतली चूक त्यात धरली आहे का ते एजंटला लेखी विचारा. पायलट मंडळींसाठी एवढंच: सायरन म्हणजे माफीपत्र नव्हे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १९४ई प्रमाणे १० हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, पण सिग्नल तोडताना तुम्ही कुणाला उडवलं तर तपास तुमचाही होतो. आणि नातेवाईक अंगावर आले तर डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. तो वापरायची वेळ आली तर वापरा, पण ज्या घरात त्याच दिवशी माणूस गेलाय तिथे तो पहिल्या वाक्यात काढू नका.

आता सिलिंडरवरच्या काट्याबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या नव्या कामाचं मर्म तिथे आहे.

सकाळी ड्युटी बदलताना चेकलिस्ट कशी भरली जाते ते तुम्ही नऊ वर्षं पाहिलंय. पायलट चहा आणतो, डॉक्टर बॉनेटवर कागद ठेवतो आणि वरून खाली एका दमात टिका मारतो, सक्शन, मॉनिटर, ऑक्सिजन, स्ट्रेचर. टिका सगळ्या एकसारख्या, एकाच तिरकेपणाच्या. असा कागद कोर्टात पाहिला की न्यायाधीशांनाही कळतं. सिलिंडरपाशी टीक हवीच कशाला? तिथे आकडा लिहायचा. चावी फिरवायची, काटा किती दाखवतो ते लिहायचं आणि पुढे मिनिटं. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतात. काटा निम्म्यावर असेल तर ७५०. मास्कने मिनिटाला १० लिटर लावले तर ७५ मिनिटं. तुमच्या तालुक्यापासून सिव्हिलला घाटातून दोन तास लागत असतील तर हा हिशोब निघण्याआधी कळतो, घाटात नाही. ‘ऑक्सिजन आहे’ ही टीक खरी असूनही माणूस मरू शकतो. ‘७५ मिनिटं’ लिहिलं की डॉक्टर स्वतःच विचारतो, दुसरा सिलिंडर कुठाय?

मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो तेव्हा पावसाळ्यात रात्री पेशंट जीपमधून रेफर केला. सिलिंडर भरलेला होता, मी स्वतः पाहिला होता. पण तो उघडायचा पाना दवाखान्यातच राहिला. कंपाउंडर पुढच्या गावात गॅरेजवाल्याला उठवून पाना घेऊन आला, पेशंट वाचला. चौकशी कसलीच झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक सिलिंडरच्या मानेला बँडेजच्या पट्टीने पाना बांधला. नंतर बदली होऊन मी तिथून गेलो. पंधरा वर्षांनी परत गेलो तेव्हा सिलिंडर नवे होते, इमारत नवी होती, पाने पट्टीने बांधलेलेच होते. का बांधतात ते तिथल्या सिस्टरला माहीत नव्हतं. ‘इथे असंच असतं सर’, म्हणाली.

हाताखालच्या २३ गाड्यांत असे किती पाने बांधायचे आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तुम्ही नऊ वर्षं ते शोधत होतात. कामाला हात लागत नाही ही तुमची खंत मला कळते. तो दिवस मलाही आठवतो, राउंडऐवजी मीटिंगला गेलो होतो आणि परत आल्यावर गळ्यात स्टेथोस्कोप नाही हे संध्याकाळी लक्षात आलं. महिन्यातून दोन ड्युट्या गाडीवर कराच, मागून घ्या, कुणी नाही म्हणालं तरी भांडून घ्या. घाटात बसलेल्या माणसाला काय लागतं ते ऑफिसात बसून विसरायला फार दिवस लागत नाहीत.

शेवटचं, आणि हे पत्रात कुठेच नव्हतं. त्या रात्री गाडीवर असलेला डॉक्टर. तुम्ही त्याचं वय लिहिलं नाही, पण तुमच्या हाताखालचा म्हणजे तिशीच्या आतलाच असावा. बंद पडलेला फ्लोमीटर (ऑक्सिजनचा वेग दाखवणारं उपकरण) हातात धरून त्याने उरलेला घाट उतरला. तक्रार आल्यापासून तुम्ही, वरिष्ठ, कंपनी, सगळे वकिलाच्या सल्ल्याने गप्प असाल. केसबद्दल बोलू नकाच, साक्षीदारांनी एकमेकांशी जुळवून घेतलं असा अर्थ निघतो. पण जेवला का, झोप लागते का, घरी सांगितलंस का, हे विचारायला कुठला वकील अडवत नाही. त्याला आज संध्याकाळी फोन करा. पायलटलाही.